मेंढीच्या गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या मोजताना

माझ्या पहिल्या नमुन्याच्या वहीत मी लिहून ठेवलं होतं: गर्भाशय लालभडक, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या फुटल्या. ते चूक होतं. माजाच्या वेळी चढणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक आधीपासून असलेल्याच वाहिन्या सैल करतं. एस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनचाच मुख्य प्रकार) टोचल्यावर दीड-दोन तासांत गर्भाशयाकडचा रक्तप्रवाह कितीतरी पटींनी वाढतो, त्यात मोठा वाटा वाहिन्यांच्या अस्तरातून सुटणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचा. नवी वाहिनी एवढ्यात होत नाही. आधी व्हीईजीएफसारखी, वाहिन्यांची वाढ घडवणारी प्रथिनं वाढतात, मग वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी विभागतात.

कत्तलखान्यातून गर्भाशय घ्याल तेव्हा दोन्ही अंडाशय सोबत घ्याच. मेंढीचं ऋतुचक्र साधारण 17 दिवसांचं. अंडाशयावरचा पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे तयार होणारी गाठ) फिकट, आक्रसलेला आणि शेजारी 5-6 मिलिमीटरची पाणीदार पुटिका (बीजाची पिशवी) दिसली, तर मेंढी माजाच्या जवळ, म्हणजे इस्ट्रोजेन चढलेलं. पीतपिंड टपोरा असेल तर त्यातून सुटणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचे दिवस. एकट्या इस्ट्रोजेनचं काम मात्र अशा नमुन्यातून वेगळं काढता येत नाही. त्यासाठी अंडाशय काढलेल्या मेंढ्यांना एस्ट्राडायॉल द्यावं लागतं. नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीत लॉरेन्स रेनॉल्ड्स आणि डेल रेडमर यांच्या गटाने तेच केलं.

गर्भाशय उघडलं की अस्तरावर बटणांसारखे उंचवटे दिसतात, ते कॅरंकल. वार इथेच जोडली जाते, म्हणून तुकडा इथलाच घ्या. आधी वजन करा, मग 10 टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये दिवसभर ठेवा. साध्या रंगात बारीक केशवाहिन्या हुकतात. वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींना चिकटून त्या दाखवणारं लेक्टिन हे प्रथिन वापरा.

वजनाचं मी इतकं का सांगते? इस्ट्रोजेनने ऊतीत पाणी भरतं, ती फुगते. समजा, वजन दीडपट झालं आणि स्लाइडवर ठिपक्यांची जाळी धरून, किती ठिपके वाहिन्यांवर पडतात ते मोजून काढलेला वाहिन्यांचा वाटा 6 टक्क्यांवरून 5 वर आला. नुसता वाटा पाहणारा म्हणेल, वाहिन्या घटल्या. वजनाने गुणा: एकूण सव्वापट झाल्या आहेत. माझ्या विद्यार्थ्यांचा सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, आणि वजन एकदा राहिलं की तो नमुना गेलाच.

तरीही सैल झालेली वाहिनी जास्त ठिपके खाते. म्हणून शेजारच्याच कापावर केआय-67 (विभागणाऱ्या पेशींत असणारं प्रथिन) रंगवा आणि वाहिन्यांच्या विभागणाऱ्या अस्तर-पेशी मोजा. मोजताना स्लाइडवरची चिठ्ठी झाकलेली असू द्या, म्हणजे नमुना कुठला हे कळून मोजणी झुकणार नाही.