दातावर सिरॅमिकची कॅप चिकटवण्याआधी: पृष्ठभाग कसा तयार करावा

ठाण्यात नौपाड्यातला छोटा दवाखाना असो की घोडबंदर रोडवरचा चकचकीत, कॅप बहुधा बाहेरच्या लॅबमधूनच येते. डबी उघडली की आपण आधी शेड बघतो. त्याआधी लॅबची चिठ्ठी वाचा. फेल्डस्पॅथिक पोर्सिलेन, लिथियम डायसिलिकेट की झिरकोनिया? चिठ्ठीत नुसतं ‘सिरॅमिक’ असेल तर फोन लावा, आणि आतून एचिंग (ॲसिडने पृष्ठभाग खडबडीत करणं) करून पाठवलंय का तेही विचारून घ्या.

ट्राय-इन, म्हणजे कॅप दातावर बसवून बघणं, आधी उरका. तोंडात जाऊन आलेली कॅप लाळेने माखते, म्हणून एचिंग त्यानंतर. लॅबने ते आधीच केलं असेल तर पुन्हा हायड्रोफ्लोरिक ॲसिड लावू नका. फॉस्फोरिक ॲसिडने आतली बाजू साफ करून धुतली की पुरे.

फेल्डस्पॅथिक आणि लिथियम डायसिलिकेट या पहिल्या दोन प्रकारांत काच असते. हायड्रोफ्लोरिक ॲसिड ती काच खाऊन सूक्ष्म खळगे पाडतं आणि त्यांत रेझिन (चिकटवणाऱ्या सिमेंटमधला प्लास्टिकसारखा घटक) शिरून पकड घेतं. 5 टक्के ॲसिड लिथियम डायसिलिकेटला 20 सेकंदच लावायचं. फेल्डस्पॅथिकला जास्त, साधारण 1 ते 2 मिनिटं. ‘थोडं अजून राहू दे’ हा मोह नको, जादा एचिंगने सिरॅमिक कमजोर होतं. भरपूर पाण्याने धुवा. मागे राहिलेला पांढरा साका अल्ट्रासॉनिकमध्ये डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही मिनिटं ठेवला की निघतो.

हे ॲसिड लबाड आहे. सौम्य द्रावण कातडीवर पडलं तर लगेच झोंबतही नाही, पण आत उतरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. ग्लोव्हज, गॉगल आणि हाताशी 2.5 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसेल तर बाटली उघडूच नका. सांडलंच तर पाण्याने धुवा, जेल चोळा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

आता सायलेन, म्हणजे दोन्हींना जोडणारं द्रावण. त्याचं एक टोक काचेला धरतं, दुसरं रेझिनला. पातळ थर, 60 सेकंद, मग हवेने सुकवणं. कोमट हवा मिळाली तर उत्तम. एकाच बाटलीत येणारं सायलेन दुधाळ दिसलं तर सरळ फेकून द्या.

झिरकोनियात काच नाही, त्यामुळे वरची ॲसिडची सगळी मेहनत तिथे वाया. तिथे 50 मायक्रॉनच्या ॲल्युमिनाने 1 ते 2 बार दाबावर हलकं सँडब्लास्टिंग आणि त्यावर एमडीपी (झिरकोनियाला धरणारं रसायन) असलेला प्रायमर. ट्राय-इननंतर फॉस्फोरिक ॲसिडने साफ करण्याची सवय मात्र इथे नडते: लाळेतलं फॉस्फेट झिरकोनियाला चिकटतं, हे ॲसिड त्यात भरच घालतं आणि एमडीपीला जागा उरत नाही. सँडब्लास्टिंग ट्राय-इननंतरच करा, किंवा त्यासाठीचा खास क्लीनर वापरा.

जुलैत आपल्याकडे कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं. सकाळी टाकी रिकामी करा आणि सिरिंजची हवा माउथ मिररवर मारून बघा. थेंब किंवा तेलाचा ओशटपणा दिसला तर त्या हवेने सायलेन सुकवण्यात अर्थ नाही.

बाकी नेहमीचंच: रबर डॅम (लाळ दूर ठेवणारा रबरी पडदा), पातळ व्हीनियरला (दाताच्या पुढच्या बाजूचा पापुद्रा) प्रकाशाने घट्ट होणारं लाइट-क्युअर सिमेंट, जाड कॅपला प्रकाशाशिवायही घट्ट होणारं ड्युअल-क्युअर.

आणि पेशंटहो, बिलावर मटेरियलचं नाव लिहून मागा. कॅप निघालीच तर फेविक्विक न लावता डबीत घालून आणा; तो थर खरवडल्याशिवाय यातलं काहीच करता येत नाही.