डॅनिशमध्ये ‘आतुरतेने वाट पाहतोय’ म्हणताना

मराठीतल्या ‘वाट पाहतोय’साठी डॅनिशमध्ये थेट ‘वेंटर पो’ वापरलं, तर नुसतं थांबणं कळतं; त्यातली ओढ, आनंद पोचत नाही. त्यासाठी ‘ग्लेदर माय टिल’ म्हणा.

१. पुढे नाम ठेवा: ‘याय ग्लेदर माय टिल यूल’, म्हणजे नाताळ कधी येतो असं झालंय.
२. क्रियापद असेल तर आधी ‘ऑ’ जोडा: ‘याय ग्लेदर माय टिल ऑ से दाय’, तुला भेटायची ओढ लागलीय.
३. कर्त्याबरोबर ‘माय’ही बदलतं. ‘आम्ही’ असेल तर ‘वी ग्लेदर ओस’. (सुरुवातीला हेच हमखास चुकतं.)

‘ग्लेदर’मधला द अगदी मऊ, जवळजवळ ल सारखा.

औपचारिक पत्रात ‘याय सेर फ्रेम टिल’ शोभतं.

जपायचं ते ‘टिल’. तिथे ‘ओवर’ आलं, की आधीच मिळालेल्या गोष्टीचा आनंद असा अर्थ होतो.