खान्देशात धने-ओव्याचं वाण पारखायचं कसं

आमचं शेत चोपड्याकडे, तापीच्या काळ्या जमिनीचं. बियाण्याच्या पिशवीवर छापलेला उत्पन्नाचा आकडा वाचून वाण निवडू नका, असं मी भेटेल त्या शेतकऱ्याला सांगते. अजमेरजवळच्या तबीजीला बीजीय मसाल्यांचं, म्हणजे धने-जिऱ्यासारख्या दाण्याच्या मसाल्यांचं, राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तिथल्या अजमेर धने-१ ची खोडावर गाठी आणणाऱ्या रोगाला प्रतिकार करण्याबद्दल ख्याती आहे. गुजरातचं जिरं-४ मर रोगाला तोंड देतं. गुण खरेच आहेत, पण आपल्याकडे फेब्रुवारीतच ऊन चढतं. दाणा भरताना पीक त्या उन्हात सापडलं तर ते घाईनं पिकतं आणि दाणा पोचट राहतो. म्हणून रोगाइतकंच फुलोऱ्याच्या तारखेकडे बघा.

आधी उगवण तपासा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि किती उगवले ते मोजा. ज्याची उगवण कमी, त्याचं बी त्या मानानं जास्त टाका, नाहीतर विरळ वाफ्याचा दोष वाणाच्या माथी बसतो. धने हलके रगडून दोन फाकी करून पेरायचे.

एकसारख्या जमिनीचा तुकडा घ्या. केळीच्या बागेला लागून नको, तिथली ओल आणि सावली निकाल फिरवते. प्रत्येक वाणाचे तीन वाफे तीन वेगळ्या जागी येऊ द्या, आणि कुठला कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. आपलं गावरान बी त्यात हवंच. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय नवं वाण चांगलं की वाईट, कसं कळणार? दिवाळीनंतर दुपारचा पारा तिशीच्या आसपास आला की सगळी वाणं एकाच दिवशी पेरा. जागा असेल तर पंधरवड्यानं हाच संच पुन्हा पेरा. उशिराच्या पेऱ्यात कुठलं वाण टिकतं ते उन्हाळा लवकर आला की फार उपयोगी पडतं. खत-पाणी सगळ्यांना सारखंच.

वहीत उगवण, पहिलं फूल, निम्मा वाफा फुलल्याची तारीख आणि काढणी लिहा. ढगाळ दिवसांत मावा ही कीड आणि भुरी ही पानांवरची पांढरी बुरशी कुठल्या वाफ्यात आधी दिसली, तेही टिपा. फवारणी करायची तर सगळ्याच वाफ्यांत करा.

कापणीला कडेच्या ओळी सोडून मधली दहा चौरस मीटर जागा मोजून घ्या. वाळवून, उफणून वजन करा. जितके ग्रॅम भरतील तितके किलो हेक्टरी. चारशे ग्रॅम म्हणजे एकरी साधारण 160 किलो. हजार दाण्यांचंही वजन करा, त्यावरून भरीवपणा कळतो. ओवा तळहातावर चोळून वास घ्या. वासाला फिका ओवा वजनाला भरला तरी मी घेत नाही.

एका हंगामावर निकाल देऊ नका, थंडी दर वर्षी वेगळी पडते. आणि या वाफ्यांतलं बी पुढे पेरायला ठेवू नका. धने, ओवा, बडीशेप यांच्या फुलांवर मधमाश्या फिरतात आणि वाणं एकमेकांत मिसळतात. पसंत पडलेल्या वाणाचं बी मूळ ठिकाणाहूनच आणा. मेथीचं मात्र घरचं ठेवलं तरी चालतं.