पाने गळण्याआधी निवडा टिक्का-तांबेरा सहन करणारा भुईमूग

पावसाळी भुईमूग आता शेंगा भरण्याच्या अवस्थेत आहे आणि टिक्का व तांबेरा हे पानांवरचे बुरशीजन्य रोग याच काळात जोर धरतात. पुढच्या हंगामासाठी रोगप्रतिकारक वाण निवडायचा असेल, तर पाहणी आत्ताच करा. काढणीच्या दिवशी बहुतेक झाडे वाळलेली असतात. कोणती रोगाने वाळली आणि कोणती पक्व होऊन, हे तेव्हा सांगता येत नाही.

आधी रोग नीट ओळखा. लवकर येणारा टिक्का पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांत दिसू लागतो. पानाच्या वरच्या बाजूला तपकिरी ठिपके पडतात आणि बहुधा त्यांभोवती पिवळे वलय असते. उशिरा येणाऱ्या टिक्क्याचे ठिपके जास्त काळे असतात आणि पानाच्या खालच्या बाजूला हाताला खरखरीत लागतात. तांबेऱ्यात खालच्या बाजूला नारिंगी-तांबूस पुटकुळ्या येतात. टिक्क्याची पाने गळून पडतात, तांबेऱ्याची मात्र करपूनही झाडालाच चिकटून राहतात. एखादा वाण तांबेऱ्याला दाद देत नाही, पण टिक्क्याला सहज बळी पडतो. म्हणून दोन्हींची नोंद वेगवेगळी ठेवा.

रोगप्रतिकारक वाणावर ठिपका दिसला की ‘बियाणे फसवे निघाले’ असे अनेकांना वाटते. तसे नसते. टिक्क्याच्या बाबतीत प्रतिकार म्हणजे बहुतेक वेळा रोगाचा वेग कमी होणे. संसर्ग झाल्यावर ठिपका उशिरा उमटतो, लहान राहतो, त्यावर बीजाणू कमी तयार होतात आणि पान जास्त दिवस टिकते. शेंगा भरण्याच्या काळात पाने हिरवी राहिली तर दाणे भरतात आणि जनावरांना पालाही चांगला मिळतो. रोग अनावर झाला तर निम्मे उत्पादनही जाऊ शकते.

हा प्रतिकाराचा गुण आला मुख्यतः जंगली भुईमुगातून. लागवडीच्या भुईमुगात 40 गुणसूत्रे असतात, तर अरॅकिस कार्डेनासी या दक्षिण अमेरिकेतील जंगली जातीत 20. दोघांच्या संकरातून आलेले झाड वांझ निघते. मग कोल्चिसिन हे रसायन वापरून त्याची गुणसूत्रे दुप्पट करायची आणि पुढे अनेक पिढ्या निवड करत 40 गुणसूत्रांचे स्थिर झाड मिळवायचे, असा हा लांबचा रस्ता आहे. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचा जीपीबीडी 4 हा वाण अशाच जंगली रक्ताच्या ओळीपासून (पैदाशीतल्या वंशापासून) आला. तांबेरा आणि उशिरा येणारा टिक्का या दोन्हींना तो चांगला तोंड देतो. पुढे पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत जनुकीय खुणांच्या (डीएनएतील ओळखचिन्हांच्या) आधारे त्याचा प्रतिकार जेएल 24 आणि टीएजी 24 यांसारख्या रोगाला बळी पडणाऱ्या, पण शेतकऱ्यांच्या आवडीच्या वाणांत उतरवण्यात आला. मला हे काम फार मोलाचे वाटते, कारण त्यात ओळखीचा वाण सोडावा लागत नाही.

आता तुमच्या शेतातली निवड. भुईमूग स्वपरागीत आहे, म्हणजे त्याचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे शुद्ध वाणात झाडे निवडत बसून नवा प्रतिकार तयार होत नाही. तो मुख्यतः संकरणातून येतो. तुमच्या हातात आहे ते वाणा-वाणांतली किंवा विद्यापीठाने चाचणीसाठी दिलेल्या ओळींतली निवड. त्यासाठी नवा वाण जुन्या, रोगाला बळी पडणाऱ्या वाणाच्या शेजारीच, एकाच दिवशी पेरलेला हवा. दोन्हींतला एक छोटा पट्टा बुरशीनाशक न फवारता ठेवा. फवारलेल्या शेतात सगळेच वाण निरोगी दिसतात. पैदासकारही चाचणीत दर काही रांगांनंतर रोगाला बळी पडणाऱ्या वाणाची एक रांग मुद्दाम लावतात, म्हणजे रोगाचा भार सगळीकडे सारखा राहतो.

पेरणीनंतर साधारण 75व्या आणि 90व्या दिवशी पाहणी करा. खालची, मधली आणि वरची पाने वेगवेगळी पाहा. किती पाने गळली, उरलेल्यांवर ठिपके किती, पुटकुळ्या किती, हे 1 ते 9 गुणांत लिहा. 1 म्हणजे रोग नाही, 9 म्हणजे जवळजवळ सगळा पाला गेला. चांगल्या झाडांना रंगीत दोरा बांधा.

इथे एक मोठा धोका आहे, त्याकडे नीट लक्ष द्या. उशिरा पक्व होणारे किंवा शेंगा कमी धरणारे झाडही शेवटपर्यंत हिरवेगार दिसते. जंगली रक्ताबरोबर उशिरा पक्वता, जाड टरफल आणि दाण्याचा कमी उतारा हे दोषही येऊ शकतात. म्हणून पानांवर भाळू नका. खूण केलेली झाडे उपटून शेंगा मोजा, भरलेल्या आणि पोचट वेगळ्या करा, शेंगा वाळवून फोडा आणि दाण्यांचे वजन करा. पाने चांगली पण दाणे कमी, अशी ओळ सोडून द्या.

बाकीच्या शेतात रोग वाढत असेल तर शिफारशीतले बुरशीनाशक लेबलवरील मात्रेनेच फवारा. प्रतिकारक वाणात फवारण्या कमी होतात, पण पाऊस आणि दमट हवा लांबली तर एखादी लागतेच.

काढणीनंतर टिक्क्याचा पालापाचोळा शेतात पडू देऊ नका, कारण बुरशी त्यावर टिकून राहते. तांबेरा जिवंत झाडांवर जगतो, म्हणून आपोआप उगवलेली झाडे उपटून टाका आणि त्याच जागी लगेच भुईमूग घेऊ नका. निवडलेल्या ओळींच्या शेंगा न फोडता, चांगल्या वाळवून, वाण आणि तारखेची चिठ्ठी घालून वेगळ्या पिशव्यांत ठेवा. एका हंगामाच्या नोंदीवर सगळे शेत त्या वाणाखाली आणू नका. पुढच्या वर्षी पुन्हा जुन्या वाणाच्या शेजारी पेरून पाहा.