आजोळी जाताना घाट लागण्याआधी

गणपतीला पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरताना मुलांना गाडी लागतेच. निघताना पोटभर पोहे आणि वर दूध नको. कोरडी पोळी पुरे. मुळशी आली की मोबाईल काढून घ्या. डोळे पडद्यावर खिळलेले आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा वळणं मोजतेय, या ओढाताणीतूनच मळमळ सुरू होते. मुलाला मागे मधोमध, पट्टा लावून बसवा, म्हणजे समोरचा रस्ता दिसतो. बडबड थांबली, जांभया आल्या, चेहरा पांढरा पडला की उलटीची वाट बघू नका. वळण सोडून रुंद जागा बघून थांबा, खाली उतरवा. पोचल्यापोचल्या मोदक भरवू नका. आजीला हे आधीच फोनवर सांगा, नाहीतर तिला वाईट वाटतं.