फ्रंट व्हील गाडी घसरवायला नेताय? हवेचं गेज घ्या

आधी जागा. रस्ता नाही, बीच तर नाहीच, धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम १८४ राहूदे बाजूला, वळणापलीकडून कुणाची तरी आई स्कूटरवर येत असते. आम्ही गोव्यात डिचोलीकडे ओळखीतल्या एकाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, जातो, त्याला विचारून, आणि आधी सगळा सडा पायी फिरतो, कारण जुनी चिऱ्याची खाण गवतात दिसत नाही.

बेल्ट, हेल्मेट, पाणी सांगायला नको. हवेचं गेज घ्या. स्टेपनी नि जॅक तिथं पोचल्यावर काढून झाडाखाली ठेवा, मागचं हलकं होतं आणि जॅक उडून डोक्यात बसत नाही. चांगले टायर पुढे, झिजलेले मागे, ही अदलाबदल पण तिथंच. मागची पकड कमी व्हावी म्हणून मागे हवा ४० पीएसआय, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ नका. गेज घेतलं ना?

हँडब्रेक चार-पाच कटकटींत मागची चाकं जाम करायला हवा, नाहीतर केबल ताणून घ्या. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर घरी बसा. ईएसपी, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, बंद.

आता बघा, इंजिन पुढची चाकं ओढतं, त्यामुळे वळणात रेस देऊन शेपूट, म्हणजे गाडीची मागची बाजू, बाहेर निघत नाही, उलट नाकच बाहेर जातं. दुसरा गियर, ४० चा स्पीड, स्टिअरिंग वळवा, रेस झटकन सोडा म्हणजे वजन पुढे येतं, तेवढ्यात क्लच दाबून हँडब्रेक ओढा, टोकाचं बटण दाबलेलंच ठेवून. शेपूट निघाली की हँडब्रेक सोडा, स्टिअरिंग जायचंय तिकडे, क्लच सोडून रेस, पुढची चाकं गाडी ओढून सरळ करतात. घाबरून ब्रेक मारलात तर गरगर.

निघताना मागची हवा उतरवा. गेल्या वर्षी माझं गेज घरी टेबलावर, मागे ४० तशीच, वर झिजलेले टायर मागेच, रोस ऑम्लेट (रश्श्यातलं गोवन ऑम्लेट) खायच्या घाईत साखळी गावाच्या अलीकडे पहिल्या पावसाची सर आली नि साध्या वळणावर हँडब्रेकला हातही न लावता शेपूट गेली, मागचं चाक थेट गटारात. तीन माणसं, एक दोरी आणि दीड तास. टायर तापलेले असताना गाडीवरच्या हवेच्या स्टिकरच्या आकड्यापेक्षा तीन-चार जास्त ठेवा, सकाळी गार झाल्यावर परत मोजा.

बाकी टायर जागच्या जागी, नट ताणा, स्टेपनी उचला, मालकाला फोन. हवा उतरवली?