सिमोन व्हेय यांच्यावर अर्धा तास बोलायचं असेल तर

सिमोन व्हेय म्हणजे फ्रान्समध्ये गर्भपाताचा कायदा आणणाऱ्या आरोग्यमंत्री. आधी त्यांचं नाव नीट घ्या. फ्रेंच लोक 'व्हेय' म्हणतात. याच नावाच्या एक तत्त्वज्ञ बाई १९४३ साली वारल्या. फोटो शोधताना दोघींची हमखास सरमिसळ होते. आपल्या मंत्रीबाईंच्या आडनावाचं रोमन स्पेलिंग 'व्ही'ने सुरू होतं, त्यांचं 'डब्ल्यू'ने.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्तीनंतर वाचनालयात महिलादिनाला पहिल्यांदा व्हेय बाईंवर बोलले, तेव्हा १९२७ सालच्या नीसमधल्या जन्मापासून सुरुवात केली. नाझींच्या छळछावणीपर्यंत येईतो निम्मा वेळ सरला आणि कायद्याला जेमतेम पाच मिनिटं उरली. फार चुटपुट लागली. आता मी थेट नोव्हेंबर १९७४ गाठते.

फ्रान्सची संसद डोळ्यांपुढे उभी करा. ४९० खासदार, त्यात बायका नऊ. २६ तारखेला आरोग्यमंत्री व्हेय गर्भपाताचा कायदा मांडायला उभ्या राहतात. पुरुषांनी भरलेल्या सभागृहात एक बाई म्हणून बोलते आहे, क्षमा करा, असं म्हणून त्या सांगतात, की कुठलीही बाई हौसेने गर्भपात करून घेत नाही. बायकांचं नुसतं ऐकलंत तरी कळेल. हे सावकाश सांगा आणि क्षणभर थांबा. मग त्यांनीच दिलेला आकडा सांगा: वर्षाला ३ लाख गर्भपात. "आणि आपल्याकडे?" असं कुणीतरी विचारतंच. आपला कायदा १९७१चा, त्यांच्या आधीचा. त्याची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा.

२९ तारखेला पहाटे मतदान झालं. बाजूने २८४, विरोधात १८९. सत्ताधाऱ्यांपैकीच अनेकांनी विरोध केला, कायदा डाव्यांच्या मतांवर तरला. हे गाळू नका. त्या दिवसांतल्या एका फोटोत बाईंनी चेहरा हातांत धरलाय. त्या रडल्या असं सांगायचा मोह होतो. त्यांनी स्वतः सांगितलंय की ती निव्वळ थकावट होती. तेवढंच सांगा.

त्या चर्चेत एका खासदाराने गर्भपाताची तुलना नाझी छावण्यांतल्या दाहभट्टीशी केली. हे सांगून झालं की मगच मागे जा. सोळा वर्षांची ज्यू मुलगी सिमोन, शालान्त परीक्षा नुकतीच दिलेली, ३० मार्च १९४४ला नीसमध्ये पकडली गेली. ऑश्विट्झच्या छळछावणीत हातावर आकडा गोंदला: ७८६५१. तो फळ्यावर लिहा. आई बर्गन-बेल्सनच्या छावणीत टायफसने गेली, सुटकेच्या काही आठवडे आधी. वडील आणि भाऊ परत आलेच नाहीत.

पण छावणीमुळे कायदा झाला, अशी सोपी गाठ मारू नका. मधली वर्षं बघा. १९५७पासून त्या न्यायखात्यात होत्या, तुरुंगाच्या प्रशासनात. त्या तुरुंग पाहत हिंडल्या, बायका कैद्यांचे हाल कमी व्हावेत म्हणून झटल्या. माझ्या मते मंत्रीपदावरच्या बाईची घडण तिथे झाली. तुमच्या भाषणात याला सात-आठ मिनिटं तरी हवीत.

पुढची पदं एका दमात उरकता येतात: १९७९मध्ये युरोपीय संसदेचं अध्यक्षपद, नंतर पुन्हा मंत्रीपद, १९९८पासून घटना परिषद, म्हणजे कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणारी संस्था. शेवटी थांबायचं ते २०१०वर. त्या वर्षी बाई फ्रेंच अकादमीत, म्हणजे फ्रेंच भाषेची राखण करणाऱ्या मानाच्या संस्थेत, दाखल झाल्या. तिथल्या सदस्यांना समारंभाची तलवार असते. बाईंच्या तलवारीवर ७८६५१ कोरलेलं होतं. फळ्यावरचा आकडा तोवर पुसू नका.